वांधो नहीं

सुरतेत कुणाच्या पायावर पाय द्या, रांगेत पुढे घुसा, समोरचा म्हणणार, "वांधो नहीं." म्हणजे असू दे, चालतंय. इथल्या डिंडोली वस्तीतली आम्ही खानदेशी माणसंही तेच म्हणतो. पण सरकारी कागदावर वांधो म्हणजे हरकत. या दोन अर्थांच्या मधे मी एका बाईची विहीर घालवली, आणि ते चुकून झालं असं म्हणायची मला सोय नाही.

खाणींच्या परवानग्यांसाठी अहवाल तयार करणाऱ्या कचेरीत मी नोकरी करतो. आमच्या साहेबांचं ठरलेलं वाक्य आहे, "देशाच्या पोटात सगळं आहे. बाहेर काढायला अडचण एकच, लोकांचे वांधे." मलाही ते पटायचं. नकाशे तयार, यंत्रं तयार, आणि कुणीतरी बांधावर आडवं झालं की सगळं ठप्प. अशा आडव्या होणाऱ्यांचा मला मनापासून राग यायचा.

सुरतेपासून दोन तासांवरच्या एका गावात लिग्नाइट कोळशाच्या खाणीसाठी लोकसुनावणी होती. मांडव, पंखे, बाटलीतलं पाणी, सगळा थाट होता. अधिकारी ऐकत होते, शेजारी आमचे साहेब बसले होते, टिपणं घ्यायचं काम माझ्याकडे होतं. जेवणाची वेळ टळून गेल्यावर साठीची एक बाई उठली. माझ्या बोलण्यातला खानदेश तिनं ओळखला असावा, कारण गुजराती सोडून ती थेट माझ्याकडे वळली आणि माझ्या आईच्या अहिराणीत बोलली.

"भाऊ, मनी हीर शे तठे. खान व्हयनी ते पानी जाई."

खाणीनं आटेल म्हणत होती त्या विहिरीवर तिचं शेत होतं, दोन म्हशी होत्या. तिला आणखी बरंच सांगायचं होतं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी घरी आईला समजावतो त्याच सुरात म्हणालो, "मावशी, मी लिखी लेस. तुम्ही बठा."

आपलाच माणूस लिहितोय म्हटल्यावर तिचा चेहरा निवळला. "वांधो नहीं," म्हणाली आणि खाली बसली.

मी तिच्या नावापुढे लिहिलं, हरकत नाही.

परतताना गाडीत ही गंमत मी साहेबांना सांगितली. ते पोट धरून हसले, डोकं आहे म्हणाले. मीही हसलो. लिहिण्यापेक्षा मला त्या हसण्याची जास्त लाज वाटते.

खाण सुरू झाली. पुढे शेजारच्या गावात दुसऱ्या खाणीची सुनावणी ठेवली, तर मांडवात कुणी फिरकलंच नाही. सगळं गाव रस्त्यावर येऊन बसलं. ते काम अजून अडकलेलं आहे. साहेब म्हणतात, लोक आडमुठे, असल्यांनी देश कसा पुढे जाणार. मी मान खाली घालून फाइल चाळत राहतो. बोललेलं कागदावर गेलं की त्याचं काय होतं, हे त्या गावाला शेजाऱ्यांकडून कळलं होतं. अडचण कुठून आली ते मला ठाऊक आहे.

गेल्या हिवाळ्यात पाहणीसाठी त्या पहिल्या गावात जाणं झालं. मी मुद्दाम त्या बाईच्या घरी गेलो. माफी मागायला गेलो असं सांगायला बरं वाटतं. खरं म्हणजे स्वतःचा जीव हलका करायला गेलो होतो.

तिनं मला ओळखलं. ओसरीवरच्या पिंपातून, टँकरच्या पाण्याचा पेला भरून हातात दिला. गोठा रिकामा होता. मागे विहीर होती, तिच्या तळाशी चिखलसुद्धा उरला नव्हता. पाणी पिऊन मी एका दमात सांगून टाकलं, की तिची हरकत मी लिहिलीच नाही, उलटंच लिहिलं. "मावशी, मनी चूक व्हयनी."

आणि मी थांबलो. सुरतेत माफी मागितली की ते दोन शब्द मिळतातच. मी चक्क त्यांची वाट पाहत होतो.

तिनं माझ्या हातातला पेला काढून घेतला.

"वांधा शे, भाऊ," ती म्हणाली. "आते लिखी ले."

खिशाला पेन होतं. मी ते काढलं नाही.