समोर धूर दिसेल अशी जागा

महायुद्ध चालू होतं तेव्हा मी नगर जिल्ह्यातल्या अकोल्याजवळ, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात मास्तर होतो. दिवाळी झाली की तिथे धनगर मेंढरं घेऊन उतरत. एका वर्षी त्यांच्या कारभाऱ्याने तळाची जागा निवडताना असा थाट केला, की नगरच्या छावणीतल्या गोऱ्या साहेबांनी येऊन शिकावं. तो माती हुंगे, आभाळाकडे बघे आणि पटका सावरून मान हलवी.

तेवढ्यात त्याच्या बायकोने ओढ्याकाठी घोड्यावरचं बिऱ्हाड उतरवलं, कोंबड्या सोडल्या आणि तीन दगडांची चूल मांडली.

"अगं, पल्याड गवत लई हाय," कारभारी म्हणाला.

"गवत कुटंबी उगवतंय," ती चूल फुंकत म्हणाली. "भैन उगवती व्हय?"

तिची बहीण दुसऱ्या तांड्यात दिली होती आणि तो तांडा समोरच्या टेकडीवर उतरे. दोघींची भेट वर्षातून तेवढीच.

कारभाऱ्याने पुन्हा माती हुंगली आणि हीच जागा उत्तम असल्याचं जाहीर केलं.

संध्याकाळी टेकडीवर धूर दिसला. तिने लगेच चुलीत ओला पाला कोंबला. कारभाऱ्यासकट सगळा तळ खोकत होता, आणि ती डोळे पुसत हसत होती.