भास्कररावांची साखळी

भास्कररावांना काहीही विचारलं की ते पहिल्यापासून सांगायचे. एकदा मी खालून ओरडून विचारलं, "टाकी भरली का हो?" तर ते गच्चीवरून सांगायला लागले, "काकू, मोटार लावली तेव्हा पाणी तळाला होतं. मग मध्येच दाब कमी झाला..." त्यांचं सांगून होईपर्यंत टाकी भरून पाणी जिन्यावरून खाली आलं. आमच्या उस्मानपुऱ्यात नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. शेजारणीची बोलणी मी खाल्ली. भास्करराव तोवर "आता दाब चांगला आहे" इथपर्यंत पोहोचले होते.

ते आणि त्यांची बायको नलिनी आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचे. पन्नाशी उलटलेला माणूस. कारखान्यातली कारकुनी सुटल्यावर घरीच संगणक शिकला आणि त्यावरची कामं घ्यायला लागला. शेवटचं काम पुण्याच्या एका कंपनीचं होतं. इंटरनेटवर ते आभासी चलन चालतं ना, त्याचे आजवरचे सगळे व्यवहार क्रमानं उतरवून द्यायचे. मी चौथी शिकलेली, मला यातलं काय कळणार? तरी विचारलं, आणि तिथंच चुकले.

"काकू, या व्यवहारांचे गठ्ठे असतात. एका गठ्ठ्याला ब्लॉक म्हणतात. प्रत्येक ब्लॉकमध्ये त्याच्या मागच्याची खूण असते. अशी ती साखळी. मी संगणकाला स्क्रिप्ट लिहून दिलीय, म्हणजे कामाच्या सूचना. एक ब्लॉक आण, फाईलमध्ये उतरव, मग पुढचा आण."

"एकदम चार-चार आणले तर?"

"लवकर होईल. पण जो आधी येईल तो आधी बसेल. मग क्रम लावत बसा."

"बसायचं लावत. रातदिस ती मशीन माझ्या डोक्यावर घरघरतीय."

"क्रमानं झालेलं बरं असतं, काकू."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वरण आधी लावायचं की भात, यावरही नलिनीला तेच ऐकवायचे.

काम शुक्रवारी संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. वेळेत दिलं तर कंपनी त्यांना वर्षभराचं काम देणार होती. नाहीतर खोली सोडून नाशिकला नलिनीच्या भावाकडे जायचं आणि त्याच्या दुकानात बसायचं, असं ठरलेलं. नलिनी मला म्हणाली होती, "वहिनीच्या हाताखाली राहणं या वयात मला नाही जमायचं, काकू."

नेमकं त्याच आठवड्यात नळाला पाणी आलं. पाणी आलं की गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि वीज दम तोडते. संगणकाला जोडलेल्या बॅटरीत जीव नव्हता. ती बदला म्हणून मी दिवाळीपासून सांगत होते. भास्करराव म्हणायचे, आधी काम संपू दे, मग बॅटरी. संगणक बंद पडला. परत चालू झाला तेव्हा स्क्रिप्टनं फाईलमधला शेवटचा ब्लॉक पाहिला आणि त्याच्या पुढून काम धरलं. तो शेवटचा अर्धाच उतरला होता, हे तिला कोण सांगणार?

भास्कररावांच्या ते ध्यानात आलं शुक्रवारी दुपारी. नलिनी मला बोलवायला आली. मी गुडघे धरत वर गेले.

"तेवढा एक परत आणलाय," भास्करराव म्हणाले. "जागेवर बसवलाय."

"मग झालं की. द्या पाठवून."

"एक असा निघाला म्हणजे आणखी असतील. प्रत्येकाची खूण मागच्याशी जुळते का ते पाहायला हवं. पहिल्यापासून."

"किती वेळ लागंल?"

"सोमवार उजाडेल."

"अहो, आज पाठवा," नलिनी म्हणाली. "तपासत बसा नंतर."

"सोबत लिहून द्यायचंय, नलू. सगळं तपासलंय म्हणून. ते कसं लिहू?"

"हातानं लिहा. कोण बघणारे तिथं?"

"भास्करराव, लई झालं," मी म्हटलं. "बायकोच्या तोंडाकडं बघा जरा."

त्यांनी बघितलं आणि मुदत मागायला कंपनीला फोन लावला. मला वाटलं, आता तरी सुटलो. तर हे सुरू झाले, "त्याचं असं झालं मॅडम, बुधवारी आमच्याकडे नळाला पाणी आलं..." मी हातानं खुणा करत होते, मुद्द्याचं बोला, सोमवार म्हणा. ते मोटारींपर्यंत आले तेव्हा पलीकडच्या बाईनं फोन ठेवला. पुन्हा उचललाच नाही.

सोमवारी त्यांनी तपासलेली फाईल पाठवली. काम दुसऱ्याला दिल्याचं उत्तर आलं.

महिनाअखेरीस टेम्पो लागला. नलिनी ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. माझ्याशी चार शब्द बोलली, नवऱ्याशी एकही नाही. भास्करराव किल्ली द्यायला आले.

"काकू, तुम्हाला सांगायचंच राहिलं. सगळं तपासलं ना, त्यात दुसरा एकही ब्लॉक चुकलेला निघाला नाही."

पोरगं पहिल्या नंबरानं पास झाल्यासारखा चेहरा. माझं डोकं फिरलं.

"म्हणजे शुक्रवारी बी ते बरोबरच व्हतं."

"होतं."

"मग कशापायी हे समदं?"

"शुक्रवारी मला ते माहीत नव्हतं, काकू."

अशा माणसाशी भांडण धरायचं तरी कुठून? मी किल्ली घेतली.

"नलिनी उन्हात बसलीय," मी म्हटलं. "निघा आता."