मुकुलचं सर्किट

सुनेत्राची आणि मुकुलची ओळख झाली ती भांडणातूनच. पुण्याच्या एका कंपनीत दोघंही मेमरी चिपवर काम करायची. तो सर्किट आखायचा आणि ती त्याची चाचणी घ्यायची. चुका काढणं हेच तिचं काम, त्यामुळे पहिल्याच सर्किटात तिनं त्याची एक चूक दाखवली आणि तो चार लोकांत फुगून बसला. पुढे त्यांनी लग्न केलं, तळेगावात स्टेशनजवळ घर घेतलं, आणि ते भांडण जेवणाच्या टेबलावर आलं. आमटी निवायची, पण मुकुल आपला मुद्दा सोडायचा नाही.

त्याचा सगळा जीव क्लॉकमध्ये, म्हणजे चिपच्या ठोक्यात. मेमरी चिप बाहेरून येणाऱ्या ठोक्यांवर चालते. पण ठोका चिपच्या आत पोचेपर्यंत कणभर उशीर होतो, आणि तेवढ्यानंही माहिती भलत्या वेळी बाहेर पडते. मग आतला ठोका मुद्दाम आणखी थोडा अडवायचा, इतका नेमका की तो बाहेरच्या पुढच्या ठोक्याशी तंतोतंत जुळेल. त्यात चिप तापली की आतला वेग बदलतो, म्हणून किती अडवायचं हे सर्किटनं आपलं आपणच सतत ठरवत राहायचं. लोणावळ्याला गेला की मुकुल हे वडिलांना समजावून सांगायचा. माधवराव शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांना त्यातलं अर्धमुर्धं कळायचं, पण सकाळी तुंगार्ली धरणाकडे फिरायला निघाले की सोबत्यांना मात्र ते सगळं कळल्याच्या थाटात सांगायचे.

नव्या चिपचं हे सर्किट मुकुलकडे आलं, त्याच हिवाळ्यात त्याच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नाही. काम दुसऱ्याकडे देऊ या, असं त्याच्या वरिष्ठ अनघा मॅडमनी सुचवलं, पण त्यानं ऐकलं नाही. औषध चढवून आला की दिवसभर पडून राहायचा आणि जरा तरतरी आली की उशीला टेकून लॅपटॉप उघडायचा. सुनेत्रानं एकदा त्याच्या हातातून तो काढून घेतला, तेव्हा तो इतकंच म्हणाला, "एवढं एक होऊ दे." तिनं परत दिला. सर्किट पूर्ण झालं, चिप बनायला गेली, आणि ती बनून यायच्या आत मुकुल गेला.

चिप आली तेव्हा चाचणी सुनेत्राकडेच होती. कोणी तिला घे म्हटलं नव्हतं, नको म्हणायचंही धाडस कोणाला झालं नाही. पहिल्या दिवशी पडद्यावर बाहेरचा आणि आतला ठोका एकावर एक असे बसले की दोन रेघा आहेत हे ओळखू येईना. तिला हुंदका आला. आजूबाजूचे हळूच उठून चहाला गेले.

मग तिनं चिप तापवली. काही वेळ रेघा जुळून राहिल्या. नंतर आतली सुटली आणि सरकत गेली, ती परत जुळलीच नाही. सुनेत्रानं बोर्ड बदलला, वायर बदलली, दुसरी चिप लावली, तिसरी लावली. प्रत्येक वेळी आपल्याच हातून काहीतरी चुकतंय अशी तिला आशा वाटत होती. शेवटी तिनं मुकुलचं सर्किट उघडलं, आणि तिला ते दिसलं. ठोका अडवायला सर्किटात छोट्या छोट्या टप्प्यांची साखळी असते; तापल्यावर त्यातला प्रत्येक टप्पा ठोक्याला जास्त अडवतो, म्हणून टप्पे कमी करावे लागतात. मुकुलनं सुरुवातच इतक्या कमी टप्प्यांवर केली होती की कमी करायला पुढे काही उरतच नव्हतं. धडधाकट असता तर ही चूक त्याच्याकडून झाली नसती, असं तिला वाटलं. पण तसं खात्रीनं तरी कसं म्हणावं?

बैठकीत हे मी सांगते, तू येऊ नकोस, असं अनघा मॅडम म्हणाल्या. सुनेत्रानं नकारार्थी मान हलवली.

"त्याच्या चुका मीच काढत आलेय," ती म्हणाली. "ही दुसऱ्या कोणी सांगितलेली त्याला आवडणार नाही."

ती उभी राहिली आणि इतर कुणाच्याही सर्किटाबद्दल सांगावं तसं तिनं सगळं सांगितलं. ते सर्किट काढून नवं करायचं ठरलं, आणि ते श्रीयश नावाच्या सहकाऱ्याकडे गेलं.

रविवारी ती लोणावळ्याला गेली. माधवराव वाटच पाहत होते. चिप आल्याचं त्यांना कुठून तरी कळलं होतं. त्यांनी ताटं मांडली, पहिला घास घेतला आणि विचारलं, "चाललं ना मुकुलचं?"

हो म्हणणं सोपं होतं. खरंखोटं करायला ते कुठे जाणार होते?

"नाही बाबा," ती म्हणाली. "तापल्यावर चुकतंय. बदलावं लागणार."

माधवरावांनी ताट जरा बाजूला सरकवलं. "त्याला दाखवलं असतंस तर भांडला असता," ते म्हणाले.

"आधी भांडला असता. मग रात्रभर बसून दुरुस्त केलं असतं."

त्यावर माधवराव हसले, आणि हसता हसताच त्यांनी धोतराचा सोगा डोळ्यांना लावला. त्या दिवशी दोघंही पुढे जेवली नाहीत.

नवी चिप यायला बरेच महिने लागले. तिचीही चाचणी सुनेत्रानंच घेतली. चिप तापत गेली तशी तिच्या मनाच्या एका कोपऱ्यात वाटत होतं की हेही अडखळावं. रेघा हलल्या नाहीत. श्रीयशनं सुटकेचा निःश्वास सोडला आणि मग तिच्याकडे पाहून तो ओशाळला. चांगलं झालंय, असं तिनं त्याला सांगितलं, आणि ते खरंच होतं.

ती घरी आली. स्वयंपाक करायचं मनात होतं, पण गॅस पेटवलाच नाही. ज्या टेबलाशी मुकुल आमटी निवेपर्यंत भांडायचा, तिथेच अंधार पडेपर्यंत बसून राहिली.