तळहाताने ऐकणारा मानाजी

देवासजवळच्या खाणीत मानाजीच्या कानाला मोठा मान होता. काळ्या दगडाची शिळा सुटली, की तो हातोडीने ठोकून पाही. खणखणली तर शाबूत, बद्द वाजली तर आत चीर. त्याने ‘बद्द’ म्हटलेल्या शिळेला कोणी दोर लावत नसे.

पुढे खाणीत सुरुंग आले आणि दोन वर्षांत त्यांनी मानाजीचे कान नेले. हे ठाऊक फक्त बायकोला, मालनला. ठेकेदाराला कळलं असतं तर त्याने याला खडी फोडायला बसवलं असतं, आणि त्याची मानाजीला मरणाहून जास्त धास्ती. असला हट्टी माणूस! त्याने तोड काढली. उजव्या हाताने ठोकायचं, डावा तळहात शिळेवर टेकायचा. शाबूत शिळेची थरथर हाताखाली रेंगाळे. चीर असली की जागच्या जागी विरे. माणसांचं बोलणं तो ओठांवरून ओळखी. तीन वर्षं एकही शिळा चुकली नाही.

१९०८च्या माघात घाटाच्या पायरीसाठी एक लांबलचक शिळा सुटली. धाकटा भाऊ गणपत तिच्या पलीकडच्या टोकाला, ढिगाऱ्याआड बसून, दोरासाठी खाच कोरत होता. मानाजीला तो दिसला नाही. त्याने ठोकलं. तळहाताखाली थरथर राहिली. सगळ्या खाणीत छिन्न्या चालू होत्या, त्या गलक्यात ठोक्याचा आवाज दुसऱ्या कुणालाही कळला नाही.

“भिया, पत्थर कसो है?” ठेकेदाराने विचारलं.

“शाबूत आहे. लावा दोर.”

उतारावर शिळा मधोमध फुटली आणि खालचा तुकडा पुढे दोर धरलेल्या गणपतवर गेला. मानाजीला नुसती उघडी तोंडं दिसली. तुकडा उलटवला तेव्हा त्याच्या टोकाला ताजी खाच होती, छिन्नीची भुकटी अजून तिच्यात होती. आपल्या हाताखाली काय थरथरत होतं, ते त्याला तिथेच उमगलं.

तिसऱ्या दिवशी गणपतच्या बायकोने, इंदूने, सगळ्यांदेखत विचारलं, “भावजी, दगड नीट वाजला होता ना?”

मालन त्याच्याकडे बघत राहिली.

“वाजला होता,” तो म्हणाला. भेकडच तो, दुसरं काय म्हणायचं?

त्यानंतर समोर येईल त्या शिळेला मानाजी ‘बद्द’ म्हणू लागला. ठेकेदाराने महिनाभर सोसलं आणि मग त्याला खडीवर बसवलं. भावापायी याचं डोकं फिरलं, असं लोक म्हणाले.

इंदूही खडीवरच होती, त्याच्या शेजारी. हात चालवता चालवता ती गणपतच्या आठवणी सांगायची. मानाजी तिच्या ओठांकडे कधीच बघत नसे. खाली मान घालून तो नुसता ‘हो, हो’ म्हणत राही.