ज्याचा रिपोर्ट त्यालाच

माझा धाकटा भाऊ दिनकर याला सांगलीतल्या एका मोठ्या रुग्णालयाने फसवलं. त्याचं रक्त घेतलं, त्या रक्तात काय आहे ते शोधून काढलं, आणि त्यालाच सांगितलं नाही. रुग्णालयाचं नाव मी लिहिलं होतं, संपादकांनी काढलं. असो. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

फोन आला तेव्हा मी दुकानात होतो. माझा गलाईचा धंदा, तिकडे तमिळ मुलखात. जुने दागिने वितळवायचे, त्यांची लगड करायची, तिचा कस काढायचा. कडेगाव सोडलं तेव्हा अंगावरच्या कपड्यांशिवाय काही नव्हतं, दुसऱ्याच्या भट्टीची राख उपसत शिकलो. त्या दिवशी भल्या पहाटेच भट्टी पेटलेली, समोर घाईचं गिऱ्हाईक उभं, आणि फोनवर दिनकरची मुलगी पल्लवी. "आण्णा, पप्पा पळता पळता खाली बसलं... उठंनातच." मी म्हणालो, "तोंडावर पाणी मार." मागे जमलेल्या बायकांचा रडण्याचा आवाज चढत गेला, तेव्हा उमगलं.

दिनकर फौजेत हवालदार होता. निवृत्त होऊन गावी आला तरी पहाटेचं पळणं काही सुटलं नाही. पल्लवीने पोलीस भरतीचं मनावर घेतलं तसा त्याला हुरूपच आला. बापलेक रोज कालव्याच्या रस्त्याने पळायची, ती पुढे, हा मागे. आम्ही भाऊ एका आईचे, पण स्वभाव दोन टोकांचे. मी कोथिंबिरीच्या जुडीलाही घासाघीस करणार, तो सांगितला भाव देऊन वर रामराम घालणार. एकदा साताऱ्यात पल्लवीसाठी पळायचे बूट घ्यायला गेलो. मी दोनदा दुकानाची पायरी उतरलो, दुकानदाराला घाम फोडला, भाव पाडलाच. मग चहाला टेकलो तर हा गायब. थोड्या वेळाने आला. मी कमी करून घेतलेले पैसे दुकानदाराला परत देऊन आला होता! मी पेटलो. "आरं, मग मी काय तमाशा करत हुतो व्हय तितं?" तर म्हणतो कसा, "दादा, भाव पाडलेल्या बुटात पोरगी कशी पळंल?" पल्लवी हसून लोळायची बाकी राहिली. रागाच्या भरात मी चहा तसाच टाकून उठलो. तो चहा आता आठवतो...

गेल्या वर्षी त्याला घेरी आली. सांगलीला तपासलं तर हृदयाचा स्नायू जाड झालेला. डॉक्टरांनी वडिलांचं विचारलं. आमचे वडील उसाची गाडी भरता भरता असेच खाली बसले होते, परत उठले नाहीत. गावाने तेव्हा ऊन लागलं म्हणून विषय मिटवला होता. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं पळण्यानेही स्नायू असा होतो, पण आजार असेल तर तो घराण्यातून उतरू शकतो. सरकारची नवी योजना आली आहे, रक्तातली जनुकं तपासून देतात, फुकट. आधी बापाचं रक्त बघू. त्यात नेमका दोष सापडला, तर तोच मुलीत उतरलाय का ते तपासता येईल. तोवर दोघांनीही पळायचं नाही.

मी म्हणालो, "दिन्या, खाजगीत करू. पैशाचं मी बघतो."

"दादा, तुला समदीकडं बाजारच दिसतो बघ. सरकारनं रगत नेलंय, सरकार सांगंल की. जलमभर त्यांच्याच हुकमावर उठलोबसलोय मी."

त्याने स्वतःचं आणि पोरीचंही पळणं बंद केलं. महिने गेले. वाट बघून बघून त्याने रुग्णालयात फोन लावला. उत्तर मिळालं, "काही असतं तर आम्हीच कळवलं असतं." एवढं एक वाक्य. त्या दिवशी त्याने मला फोन केला, आवाजात नुसता आनंद. "दादा, किलिअर हाय! उद्यापास्नं परत कालवा."

"कागद दिला का हातात?"

"कागूद कशाला? जबान दिली की त्यांनी."

मी शिव्या घातल्या, त्याने हसत फोन ठेवला. आमचं शेवटचं बोलणं ते. पुढे एका सकाळी पळता पळता मागची पावलं ऐकू येईनाशी झाली, म्हणून पल्लवीने वळून पाहिलं.

तेरावं झाल्यावर मी सांगलीला गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरने संगणकावर दिनकरचं नाव टाकलं, पडद्यावरचं दोनदा वाचलं. मग हळू म्हणाला, "रिपोर्ट कधीच आलाय. दोष दाखवलाय यात."

"मग सांगितलं का नाही?"

"असा रिपोर्ट समुपदेशकानेच समोर बसवून सांगायचा, असा नियम आहे. ती जागा रिकामी आहे."

"बरं. आता मला द्या. पोरीचं रक्त तपासायचंय."

तो आत जाऊन साहेबांना विचारून आला. "ज्याचा रिपोर्ट त्यालाच देता येतो. त्यांची सही लागेल."

मी टेबलावर हात आपटला. "त्याची राख कृष्णेत सोडलीया! घागर भरून आणतो, घ्या सही!" ओळीतली माणसं उठून उभी राहिली. डॉक्टरने मान खाली घातली. तो पोरगा वाईट नव्हता, हे मला ओरडतानाही कळत होतं.

खाजगीतही विचारून झालं. तेही म्हणतात, वडिलांचा रिपोर्ट आणा. नेमकं काय शोधायचं ते कळलं तर मुलीबद्दल छातीठोक सांगू, नाहीतर काही सापडलं नाही तरी भरवसा देता येणार नाही.

माझ्या धंद्यात लोक आम्हाला चोर समजतात. पण कस काढायला लगडीचा कण काढतो, तोसुद्धा गिऱ्हाईकाला परत देतो. आणि आकडा आधी त्याला सांगतो, कारण सोनं त्याचं असतं.

पळून आल्यावर दिनकर दोघांच्या बुटांच्या नाड्या बांधून ते अंगणाच्या भिंतीवर टाकायचा. त्या सकाळी त्याच्या पायातून काढलेले बूट पल्लवीने तिथेच टाकलेत, कुणाला हलवू देत नाही. स्वतःचे शेजारी ठेवते. परवा म्हणाली, "आण्णा, मैदानी चाचणी जवळ आली. पळू का नगं, येवडंच सांगा."

मला भाव करायचा नाही. 'काही असतं तर कळवलं असतं' हे ज्याच्या तोंडून गेलं त्याने, ती जागा ज्याने रिकामी ठेवली त्याने, आणि मेलेल्या माणसाची सही मागणाऱ्या साहेबांनी आमच्या अंगणात यावं. त्या बुटांपाशी उभं राहून पल्लवीच्या तोंडावर सांगावं, पोरीने पळायचं की नाही?