डोंगरातल्या मातीचं पोतं

आमच्या आईचा कुणावरच विश्वास नव्हता. मल्लेश्वरमला तेव्हा गवळी गाय घेऊन दारात यायचा आणि समोर धार काढून द्यायचा. अख्ख्या गल्लीत एकटी आईच त्याला आधी भांडं उपडं करून दाखवायला लावायची. गवळी रोज तोच, भांडं रोज तेच. कानडीत "सरी अक्का", म्हणजे बरं ताई, म्हणत तो बिचारा भांडं उपडं करायचा. अप्पा म्हणायचे, आपलं घराणं तीनशे वर्षं या गावात टिकलं ते असल्या बायकांमुळेच. हे कौतुक होतं की टोमणा, मला अजून कळलेलं नाही. मी आईवरच गेलेय, म्हणून मी टोमणाच धरते.

अशा घरात अण्णाने डोंगरातली बायको आणली. अण्णा माझा थोरला भाऊ, विमानदलात मेकॅनिक. हिमालयाच्या बाजूला नेमणूक असताना त्याने परस्पर लग्न ठरवलं आणि आम्हाला तार केली. रजा संपल्यावर बायकोला आमच्याकडे सोडून तो आसामला गेला. वहिनीला मराठी येत नव्हतं, आमचं हिंदी सिनेमातल्या गाण्यांपुरतं. तिची ट्रंक खोलीत ठेवेपर्यंत आईने मला बाजूला घेऊन सांगितलं, हिच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेव. मी कॉलेजात होते, उद्योग हवाच होता.

फार शोधावं लागलं नाही. ट्रंकेच्या तळाशी ओल्या शेवाळात बांधलेलं एक गाठोडं होतं. वहिनी रोज ते सोडून पाण्याचा हबका मारायची आणि कुणाची चाहूल लागली की पदराखाली घ्यायची. आत सुपारीहून लहान बिया, प्रत्येकीच्या डोक्यावर खरबरीत टोपी. अप्पांनी चष्मा लावून बघितलं आणि सांगितलं, हा ओक. आईने फाटकाबाहेरच्या सिल्व्हर ओकांकडे बोट केलं. दारात रांगेने उभे आहेत, मग लपवायच्या कशाला? वहिनीने मान हलवली. ते झाड वेगळं, हे वेगळं. लपवल्या का, ते तिने सांगितलं नाही. मला वाटतं तिचाही आमच्यावर काडीचा विश्वास नव्हता.

मागच्या अंगणात रॉकेलच्या डब्यांत तिने बिया लावल्या. आमच्या तांबड्या मातीत त्या रुजल्या, बोटभर वाढल्या. काटेरी कडांची पानं, खालून पांढरट. मग पानं पिवळी पडायला लागली. तोवर वहिनीला दिवस गेले होते. ओकाऱ्या काढून दमली की ती त्या डब्यांपाशी जाऊन बसायची. मोडक्या मराठीत मला सांगायची, आमच्याकडे हे झाड एकटं कधी नसतंच. डोंगरभर हेच, मधून मधून लाल फुलांचा बुरांश, आणि खाली कुजलेल्या पानांचा इतका जाड थर की पाय रुततो. पाऊस त्या थरात जिरतो, म्हणून ऐन उन्हाळ्यातही खालचा झरा आटत नाही. गुरांना पालाही त्याचाच. मी हे सगळं ऐकायचे आणि आत जाऊन आईला सांगायचे. आई म्हणायची, झाडाचं इतकं कौतुक कुणी करतं का, कुठंतरी पाणी मुरतंय.

मग रेल्वेने पोतं आलं. वहिनीच्या भावाने पाठवलेलं, तोंड सुतळीने शिवलेलं. वहिनीने अंगणात ते उसवलं. काळीभोर माती, अर्धवट कुजलेली पानं, आणि त्या सगळ्यातून गेलेले बारीक पांढरे दोरे. आई दोन पावलं मागे सरली. काळी माती आणि त्यात दोरे, याचा तिच्या लेखी एकच अर्थ होता. करणी. वहिनी मात्र मुठीमुठीने ती माती डब्यांत घालत होती.

त्याच सुमारास चीनची लढाई सुरू झाली आणि अण्णाची पत्रं बंद झाली. अप्पा म्हणाले, आसामचं टपालच अडकलंय. आई म्हणाली, टपाल बिपाल काही नाही, पोतं आलं आणि पत्रं थांबली. रेडिओपुढे बसून ती वहिनीकडे अशी बघायची की मलाच कसंतरी व्हायचं. शेवटी तिने अप्पांना तिकीट काढायला लावलं. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यात कुणाला वावगं दिसणार? पण परत बोलवायचं कधी हा विषय कुणी काढत नव्हतं, आणि ती गेली की गेलीच हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. वहिनीलासुद्धा. मला पहिल्यांदाच तिच्यासाठी वाईट वाटलं.

निघायच्या आदल्या दिवशी आई फावडं घेऊन अंगणात आली. माती उपसून तिठ्यावर टाकायची होती. वहिनी डब्यांपुढे बसून होती. रोपांना नवी पालवी आली होती.

"काय पुरलंयस त्यात?" आईने विचारलं.

"काही नाही, आई. ती तिकडची माती. तिच्याशिवाय हे जगत नाही."

"आणि दोरे?"

"ते मातीतच असतात. मुळांना लागतात ते."

"माझा नाही विश्वास."

वहिनीने डब्यातली चिमूटभर माती उचलली, दोऱ्यासकट तोंडात घातली आणि आईकडे बघत चावायला लागली. मग दुसरी चिमूट. आईने फावडं टाकलं, धावत जाऊन तिचा जबडा धरला.

"थुंक. थुंक आधी. माझं नातवंड आहे पोटात."

तिला नळाखाली नेऊन आईने स्वतःची बोटं घालून तिचं तोंड धुतलं. वहिनी रडत होती आणि आई तिला शिव्या घालत होती. इतक्या महिन्यांत त्या पोराला 'माझं' म्हणायची आईची ही पहिलीच वेळ. संध्याकाळी अप्पा तिकीट परत करून आले.

ते दोरे म्हणजे बुरशी, आणि झाड नि ती एकमेकांना पोसतात, हे मी कॉलेजातल्या बाईंना विचारून आले. आईला सांगितलं तर म्हणाली, तुझ्या बाईंना काय कळतंय. पण फावडं तिने पुन्हा उचललं नाही. उलट डब्यांना काजळाचे टिपके लावले, आणि शेजारीण गुलाबाला मूठभर माती मागायला आली तेव्हा तिला फाटकातूनच वाटेला लावलं. लढाई थांबल्यावर अण्णाची पत्रं एकगठ्ठा आली. मग भाची झाली.

ती बसायला लागली तेव्हा अण्णा रजेवर आला. लांबच्या तळावर क्वार्टर मिळालं होतं. बायको, पोर आणि डबे, सगळं न्यायचं म्हणाला.

"तू झाडांना पाणी घालशील यावर माझा विश्वास नाही," आई त्याला म्हणाली. "बायकोपोरीचं करशील यावरही नाही." मग त्याला सोडून वहिनीकडे वळली. "तू इथंच राहा गं."

वहिनी उठून डब्यांना पाणी घालायला गेली. त्या रात्री आई आमच्यावर उगीच खेकसत राहिली.

सकाळी गाय दारात आली. आई नेहमीसारखी उठून निघाली आणि उंबऱ्याशी थबकली. पोरीला कडेवर घेऊन वहिनी तिच्याआधीच बाहेर उभी होती.

"आधी भांडं उपडं करून दाखवा," ती गवळ्याला म्हणत होती.