टँकरचा सूर

बजाजनगरात आमच्या समोरच्या खोलीत लग्नाच्या बँडमधला एक क्लॅरिनेटवाला राहायचा. नाव कधी विचारलं नाही. त्या दुष्काळात लग्नं कमी आणि त्याचा सराव लई. वरचे सूर झकास काढायचा, खालचा मात्र चिरकायचा. मग तो वाद्याची पत्ती जिभेवर भिजवायचा, भोकांवर बोटं दाबायचा आणि गरम चहावर फुंकावं इतकं हळू फुंकायचा.

एका दुपारी तो सूर लागला. जाड, साफ, थेट पाण्याच्या टँकरच्या भोंग्यासारखा. अख्खी गल्ली हंडे घेऊन पळत सुटली. मी तर कणकेच्या हातानं. टँकर कुठंच नाही, दारात हा डोळे मिटून उभा. बायकांनी शिव्यांची लाखोली वाहिली. त्यानं डोळे उघडले, सगळ्यांचे हंडे पाहिले आणि हरखून विचारलं, "म्हंजी लागला व्हय?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच आवाज आला. "वाजव मेल्या," म्हणत आम्ही घरातच बसलो. थोड्या वेळानं बाहेर डोकावलं, तर टँकर वळणावरून निघून चालला होता आणि हा एकटाच भरलेल्या पिंपाशेजारी बसून पत्ती चक्क पाण्यात भिजवत होता.

"ताई, तुमी आला नाय?" तो म्हणाला. "अवो, टँकरचा भोंगा तर सरळ बेसूर वाजत होता की!"